साक्षीदाराचे तीन दरवाजे

मस्कतमधल्या रुवी भागात आमच्या फ्लॅटमध्ये नवरा आणि मी, आम्ही दोघंच राहायचो, पण शुक्रवारी दुपारी तिसरा माणूस असायचाच. समोरच्या दारातले चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, सत्तरीला टेकलेले. रुवीच्या बाजारात त्यांचं शिलाईच्या सामानाचं दुकान होतं: दोरे, बटणं, लेस, अस्तराचं कापड. चाची गावी, मुलं दुसऱ्या देशांत. जुम्म्याची नमाज आटोपून, जेवून, पांढऱ्या झब्ब्यावर अत्तर लावून ते आमच्याकडे टीव्ही बघायला यायचे. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता असं नाही. एकट्याने बघायला मजा येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आम्ही बघायचो ती एक फार जुनी इंग्रजी मालिका होती. रंग उडालेली, मोठमोठ्या गाड्या आणि फिरवायच्या तबकडीचे फोन असलेली. कुठल्याशा अरबी चॅनलवर दर शुक्रवारी लागायची. तिचा नायक म्हणजे निवृत्त झालेला गुप्तहेर. दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि ज्याला पोलीस, वकील, शेजारी कुणीच उभं करत नाही असा माणूस दुकानात आला की दाराला कुलूप लावून त्याच्यासाठी बाहेर पडायचा. आम्ही त्याला नुसतं ‘म्हातारा’ म्हणायचो. चाचांना इंग्रजी जेमतेम यायचं, पण चाळीस वर्षांत अरबी वाचता येऊ लागली होती. ते खालची अरबी अक्षरं वाचायचे आणि मधूनच म्हणायचे, “ह्यो बोलला येक आनि खाली लिवलंय भलतंच!” आम्हाला त्याचंच हसू यायचं.

मी तेव्हा एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होते. माझा व्हिसा त्याच कंपनीचा. नवरा दुसरीकडे, सिमेंट आणि टाइल्स पुरवणाऱ्या फर्ममध्ये सेल्स बघायचा. आमच्या प्रोजेक्टचे मॅनेजर पुण्याचे, नवऱ्याच्या कॉलेजात त्याच्या दोन वर्षं पुढे होते. त्यांच्यामुळेच मला ही नोकरी लागली होती. ऑफिसात ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि घरी जेवायला आले की ‘वहिनी’. ही सीमारेषा त्यांनी कधी ओलांडली नव्हती.

अपघात झाला त्याच्या आदल्या दिवशी मी साइटवर गेले होते. मागच्या बाजूला परांची उभी करत होते आणि तिचे पाय नुकत्याच भरलेल्या, न दाबलेल्या मातीवर टेकवले होते. मी बुटाने माती उकरून पाहिली. भुसभुशीत. केबिनमध्ये जाऊन मी मॅनेजरना सांगितलं, “ही परांची आज वापरू नका. खाली माती बसलेली नाही.” फोरमन समोर होता म्हणून मी हिंदीतच बोलले. मॅनेजर फोनवर होते. हात हलवून म्हणाले, “यल्ला, यल्ला, देखते हैं.” यल्ला म्हणजे अरबीत ‘चला, आटपा’. दाराशी एक सुतार उभा होता, तेलंगणाकडचा, काहीतरी विचारायला आलेला. दुसऱ्या दिवशी परांची कलली आणि तोच सुतार वरून खाली पडला. जीव वाचला. पण कंबरेखाली त्याला काही जाणवेना.

चौकशी झाली तेव्हा मॅनेजर म्हणाले, मला कुणीच काही बोललं नव्हतं. फोरमनला काही आठवत नव्हतं. सुतार हॉस्पिटलच्या पलंगावरून म्हणाला, “मॅडमने बोला था. मैंने सुना.” त्या एका वाक्यामुळे माझं नाव साक्षीदारांत गेलं.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मालिका सुरू व्हायच्या आधी याच विषयावर बोलणं झालं. नवरा म्हणाला, “नीट विचार कर. आपण इथे परके आहोत.” मी जरा चिडूनच बोलले, “‘आठवत नाही’ एवढं म्हणायला काय लागतं रे? पण मला आठवतंय. ते कुठल्या खुर्चीत बसले होते तेसुद्धा आठवतंय.” चाचा चहात खारी बुडवत होते. 

रविवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये मॅनेजर आणि मी दोघंच होतो. आकड्यांच्या दिव्यांकडे बघत ते म्हणाले, “वहिनी, ‘आठवत नाही’ एवढं म्हणायला काय लागतं हो?”

आधी माझ्या लक्षात आलं ते ‘वहिनी’. मग बाकीचं वाक्य. ते माझंच वाक्य होतं. माझ्या दिवाणखान्यात, माझ्या तोंडून निघालेलं. लिफ्टचं दार उघडलं, ते बाहेर पडले, आणि मी बटण दाबायचं विसरून परत खाली गेले.

त्या दिवसापासून मी ऐकू लागले. म्हणजे, लोक काय बोलतात ते नाही, ते कुणासमोर बोलतात ते. घरात त्या वेळी तिघंच होतो. शिवाय माझी एक सहकारी होती, केरळची, जिच्या गाडीतून मी महिन्याचे पैसे देऊन, म्हणजे कारलिफ्टने, रोज ऑफिसला जायचे. शनिवारी फोनवर तिच्याजवळही मी हेच बोलले होते, जवळजवळ याच शब्दांत, फक्त इंग्रजीत. तिला मी टाळू शकत नव्हते. रोज सकाळी तिच्या शेजारी बसायचं, तिच्या गाडीतली मल्याळी ख्रिस्ती भक्तिगीतं ऐकायची, आणि मनात म्हणायचं, हिने तर नसेल सांगितलं? तिच्याही कराराची मुदत संपत आली होती. मॅनेजरच्या सहीशिवाय तो वाढणार नव्हता.

आणि चाचा. चाचांबद्दल मी आधी असा विचार केलाच नव्हता. तो नवऱ्याने माझ्या डोक्यात घातला. “चाचांच्या दुकानातून आमच्या लेबर कॅम्पचे युनिफॉर्म शिवणारे सामान घेतात, माहितेय ना तुला?” तो सहज म्हणाला. “तुमच्या कंपनीचेही.” मला माहीत नव्हतं. मग मला दिसायला लागलं, की चाचा फार कमी बोलतात आणि फार ऐकतात. जिन्यात भेटले की विचारतात, “कोर्टाची तारीख कवा हाय गो?” पूर्वी मला त्यात काळजी दिसली असती.

मी एका वकिलाला भेटायचं ठरवलं. घरात चाचांसमोर बोलले, गाडीतही बोलले. दोनच दिवसांत मॅनेजरनी कॉफी मशीनपाशी मला गाठलं. “वकिलाकडे कशाला जाताय? आरोपी आहात का तुम्ही?” हसत म्हणाले. बाजूला दोन माणसं उभी होती, त्यांना तो विनोद वाटला असेल.

मग मालिकेत कोर्टाचा भाग लागला.

त्या शुक्रवारी चाचा ओमानी हलवा घेऊन आले होते, केशराचा, वरून बदाम लावलेला. मी बशीत काढला पण खाल्ला नाही. मालिकेत एक बाई होती, टायपिस्ट. तिने एका बड्या माणसाला खून करताना पाहिलं होतं आणि ती कोर्टात सांगणार होती. पण ती जिथे लपेल तिथे त्या बड्याची माणसं तिच्याआधी पोचायची. तिचं घर, मग बहिणीचं घर, मग एका चर्चची खोली. म्हाताऱ्याने घड्याळाचं झाकण लावता लावता तिला विचारलं, तुझ्या जवळची माणसं किती? ती म्हणाली, तीनच. तिची बहीण, तिला जपणारा पोलीस आणि सरकारी वकील.

म्हाताऱ्याने तिघांना तीन निरोप दिले. बहिणीला सांगितलं, ती कोर्टात पुढच्या दरवाजाने येणार. पोलिसाला सांगितलं, कैद्यांच्या दरवाजाने. वकिलाला सांगितलं, न्यायाधीशांच्या मागच्या दरवाजाने. आणि स्वतः समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसला. पुढचा दरवाजा रिकामा. कैद्यांचा रिकामा. मागच्या दरवाजापाशी एक निळी गाडी येऊन थांबली.

“वकील!” चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले. “बगितलास? जो तिच्या बाजूनं उभा होता तोच.”

बाईने साक्ष दिली, वकिलाला बेड्या पडल्या, चाचा उठून अस्रच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजला गेले. दार लागलं तसा नवरा म्हणाला, “बघ. नेहमी घरात येणारं-जाणारं माणूसच असतं.” तो बंद दाराकडे बघत होता.

मी ठरवलं, आपणही करून बघायचं. हसू येतं आता, पण तेव्हा माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता. कुणाला सरळ विचारायची सोय नव्हती; विचारलं तर जो तो नाहीच म्हणणार.

कारलिफ्टवालीला सांगितलं, “माझी पाठ फार दुखतेय. डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊन तारीख पुढे ढकलून घेणार आहे.” ती म्हणाली, “अय्यो, मग गाडीत उशी ठेवते,” आणि दुसऱ्या दिवशी खरंच सीटवर उशी होती.

चाचांना जिन्यात गाठलं. “चाचा, मी सुनावणीच्या आधी इंडियाला जातेय. आईकडे. एवढ्यात परत येणार नाही.”

चाचा हातातली पिशवी खाली ठेवून उभे राहिले.  मग म्हणाले, “मंग त्या पोराचं काय गो?”

“कुठल्या?”

“जो पडलाय. त्याच्या बाजूनं बोलनारी तू येकटीच ना?”

मी म्हटलं, “बघू, इन्शाल्ला.” आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी ते एक डबा देऊन गेले, माझ्या आईसाठी खजूर. वर एवढंच म्हणाले, “जायाचंच आसंल तर जा. पन नीट इचार कर.” मी डबा फ्रीजवर ठेवला. तो डबा बघून मला आधी खात्री वाटली की यांच्या मनात काही नाही. मग वाटलं, मनात काही असलेला माणूसही खजूरच आणेल.

नवऱ्याला मी काही खोटं सांगितलं नाही. त्याला सापळा लावायचा असं मनातही आलं नाही. पण त्याच आठवड्यात भांडी घासता घासता मी त्याला म्हणाले होते, “कोर्टात दुभाषा मिळतो म्हणे, हिंदी-अरबी. मी हिंदीतच बोलणार. जे ज्या भाषेत बोलले ते त्याच भाषेत सांगायचं, म्हणजे शब्द बदलत नाहीत.” तो “हं” म्हणाला होता. बस, एवढंच. ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाजवळ बोलले नव्हते, कारण ती कुणाला सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

मी वाट बघत राहिले. सर्टिफिकेट की इंडिया? मॅनेजर समोर आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. दोन-तीन दिवस काही नाही. मग एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, ड्रॉइंग पुढे केलं, एका तारखेबद्दल विचारलं आणि मी उठले तेव्हा म्हणाले, “वहिनी, हिंदीत कशाला बोलता कोर्टात? इंजिनिअर आहात. इंग्रजीत बोला. इम्प्रेशन पडतं.”

मी ड्रॉइंगची गुंडाळी करत होते. ती करतच राहिले. घट्ट, आणखी घट्ट. मग म्हणाले, “बघते, सर.”

जागेवर येऊन बसले. समोर खिडकीतून गावी पैसे पाठवायच्या एक्सचेंज हाउसची पाटी दिसायची, तिच्यावरचे सगळ्या देशांचे झेंडे मी एकेक करून बघत बसले. मनात मी हिशेब फिरवून फिरवून बघितला. आपण चाचांना बोललो असू का? नाही. गाडीत? नाही. मी तिथेच बसून स्वतःला पटवायचा प्रयत्न केला, की हे मॅनेजरना आपणहून सुचलं असेल. पण ‘हिंदीत कशाला बोलता’ असं माणूस आपणहून विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी नवरा आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होता. ते काम तोच करायचा, फार छान करायचा. मी समोरच्या खुर्चीत बसले.

“मी हिंदीत बोलणार हे तू त्यांना सांगितलंस?”

इस्त्री थांबली नाही. कॉलर झाली, मग खांदा. मग तो म्हणाला, “कुणाला?”

“कुणाला ते तुला माहितेय.”

त्याने इस्त्री उभी ठेवली. “अगं, ते फोन करतात. तू काय बोलणार विचारतात. मी काय गप्प बसू?”

“हो.”

“तुझा व्हिसा त्यांच्या हातात आहे. माझी सिमेंटची ऑर्डर त्यांच्या हातात आहे. मी त्यांना शांत ठेवत होतो. ती घाबरलीय, तिला त्रास देऊ नका, काय बोलायचंय ते साधंच बोलेल, असं सांगत होतो. तुझ्यासाठीच केलं मी.”

“आणि चाचा?”

त्याने हाताने शर्टाची बाही सपाट केली.

“‘घरात येणारं-जाणारं माणूस’ असं कोण म्हणालं होतं?”

“तुला कुणावर तरी संशय घ्यायचाच होता,” तो म्हणाला. “मी म्हटलं, निदान…” वाक्य त्याने पुरं केलं नाही. शर्ट उचलला, हँगरला लावला, दुसरा घेतला. मी तिथून उठले आणि चाचांच्या दाराची बेल वाजवली.

चाचा नमाजला निघायच्या तयारीत होते. मी उंबऱ्यातच सांगितलं, की मी कुठेही जात नाहीये, जाणार नव्हतेच.  मग त्यांच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या.

“म्हंजे मला येक दरवाजा दिलेलास तू,” ते म्हणाले. “मी पन तुमच्याच सोफ्यावर बसून बगितलंय ते. जिन्यात तू बोललीस तवाच मला वाटलं, ही पोर म्हाताऱ्यावानी करतेय.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मी नाय, मी नाय म्हनलो आसतो तर तुला आनिकच वाटलं आसतं.” त्यांनी टोपी घातली. “कोन निघाला?”

 त्यांनी एकदा माझ्यामागे आमच्या उघड्या दाराकडे बघितलं, जिथून इस्त्रीची वाफ फुसफुसल्याचा आवाज येत होता, आणि पुन्हा विचारलं नाही. “जुम्म्याला उशीर होतोय,” म्हणून जिना उतरून गेले. त्यानंतर ते शुक्रवारी दुपारी येईनासे झाले. मी बोलावलं तर म्हणायचे, डोळे दुखतात. माझं आणि त्यांचं बोलणं जिन्यात, त्यांच्या दुकानात होत राहिलं, पण आमच्या घरात ते बसले नाहीत.

सुनावणीला नवरा स्वतःहून आला. मला नको होतं, पण गाडी तोच चालवणार होता. टीव्हीतल्या कोर्टासारखं तिथे काहीच नव्हतं. कुणी ओरडलं नाही, टेबलावर मूठ आपटली नाही. तीन न्यायाधीश, एक दुभाषा, बाकांवर पंधरा-वीस माणसं आणि थंडगार एसी. मला शपथ घ्यायला सांगितली. दुभाष्याने हळूच विचारलं, धर्म कोणता? मी म्हटलं, बौद्ध. त्याने ते अरबीत सांगितलं, न्यायाधीशांनी मान हलवली, आणि मी खरं बोलेन असं हिंदीत म्हटलं.

मग मी जे होतं ते सांगितलं. माती, बूट, केबिन, फोरमन, फोनवर असलेले मॅनेजर, दाराशी उभा असलेला सुतार. “यल्ला, यल्ला” म्हणाले तेही सांगितलं. ते भाषांतर करायची गरज पडली नाही. मधले न्यायाधीश पहिल्यांदाच वर बघून जरासे हसले, आणि लगेच गंभीर झाले. कंपनीच्या वकिलाने विचारलं, लेखी का दिलं नाहीत? मी म्हटलं, माणसं वर चढणार होती, लिहीत बसायला वेळ नव्हता. त्याने विचारलं, तुमचे पती आणि आरोपी जुने मित्र आहेत ना? मी म्हटलं, हो. त्याला आणखी काही विचारायचं होतं बहुतेक, पण त्याने मागे वळून बघितलं आणि तो खाली बसला.

मीही तिकडे बघितलं. नवरा मॅनेजरच्या शेजारी बसला होता. बाकावर दुसरीकडे जागा नव्हती, असं तो नंतर म्हणाला. मी आत गेले तेव्हा दोन बाक रिकामे होते. मधल्या वेळात भरले असतील. मी ते पुन्हा कधी काढलं नाही.

निकाल काही महिन्यांनी लागला. मॅनेजर आणि फोरमन दोघेही दोषी ठरले. सुताराला नुकसानभरपाई मिळाली आणि तो स्ट्रेचरवरून गावी गेला. त्याच्या भावाचा मला एकदा फोन आला. आता कुबड्यांवर दारापर्यंत जातो, म्हणाला. माझा करार कंपनीने वाढवला नाही आणि दुसरीकडे जायला एनओसीही दिली नाही. त्यामुळे तिथल्या नियमाप्रमाणे दोन वर्षं मी ओमानमध्ये काम करू शकणार नव्हते. मी नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसले. कारलिफ्टवालीचा करार वाढला. तिला माझ्या संशयाचा पत्ताही नाही. दर नाताळला तिचा केक येतो.

घरी बसल्यावर मी बाहेरच्या जगाबद्दल नवऱ्याकडून ऐकायचे, आणि प्रत्येक गोष्ट ऐकताना मनात विचारायचे, ही मला कुठल्या दरवाजाने दिली जातेय? त्याने पुन्हा तसं काही केलं असेल असं मला वाटत नाही. तो मनापासून वागत होता. मला आवडणारी भाजी आणायचा, माझ्या आईला स्वतःहून फोन करायचा. एकदा म्हणाला, “किती दिवस अशी बघणार आहेस माझ्याकडे?” मी म्हटलं, “कशी?” मला खरंच माहीत नव्हतं मी कशी बघते.

बंदी संपली तेव्हा दूर दक्षिणेकडच्या सलालाह शहरात एका कन्सल्टंटकडे मला काम मिळालं. नवऱ्याची नोकरी मस्कतलाच राहिली. इथे खरीफात, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, डोंगर हिरवे होतात, रस्त्याकडेला शहाळी फोडून देतात, आणि साइटवर मी आता तोंडी काही सांगत नाही. नवरा सुट्टीला येतो, आम्ही समुद्रावर जातो, चांगले जातात ते दिवस. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो.

“काय म्हणतंय ऑफिस?” तो विचारतो.

“काही नाही, नेहमीचंच,” मी म्हणते, आणि जेवलास का ते विचारते.